श्वासावर नजर: हैदराबाद ते जालना

ऑक्टोबर 2024 मध्ये जालन्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. राज्यात एकाच वेळी सुरू झालेल्या दहा महाविद्यालयांपैकी हे एक, 100 जागांचं. त्याची पूर्वपीठिका शोधायला गेलं की वाट मुंबई-पुण्याकडे जात नाही, हैदराबादेकडे जाते. 1948 पर्यंत जालना निजामाच्या राज्यात होतं आणि त्या राज्याचं वैद्यकीय विद्यालय 1846 साली सुरू झालं होतं.

1885 च्या सुमारास रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी या विद्यालयाचे प्रमुख झाले. एडिंबरोत ते जेम्स साइम यांच्याकडे शिकलेले. क्लोरोफॉर्म देताना रोग्याचा श्वास पाहा, ही साइम यांची शिकवण. लंडनकरांचं म्हणणं वेगळं होतं: रोगी दगावतो तो हृदय बंद पडून, तेव्हा बोट नाडीवर हवं. क्लोरोफॉर्म आधी कुणाला गाठतो, मेंदूतल्या श्वासकेंद्राला की हृदयाला, यावर हा सगळा वाद होता.

लॉरींनी 1888 मध्ये हैदराबादेत प्रयोग केले. लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाला ते पटेनात. तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी 1000 पौंड देऊ केले: तुमचाच माणूस पाठवा आणि खात्री करून घ्या. 1889 च्या अखेरीस लंडनहून लॉडर ब्रंटन आले. कुत्री, माकडं, शेळ्या, घोडे अशा चारशेहून अधिक प्राण्यांना क्लोरोफॉर्म देऊन रक्तदाबाच्या रेषा कागदावर उतरवल्या गेल्या. त्या मुक्या जिवांचा आकडा वाचताना आज मन कचरतं. निष्कर्ष निघाला की आधी श्वास थांबतो, हृदय त्यानंतर. एका संस्थानाच्या पैशावर, त्याच्याच राजधानीत झालेलं हे काम 1890 मध्ये 'लॅन्सेट'ने छापलं.

ते अर्धंच खरं निघालं. 1911 मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवलं की हलक्या भुलीत हृदय अचानक फडफडू लागून बंद पडू शकतं. हृदयाला धोकाच नाही, हा लॉरींचा आग्रह टिकला नाही. श्वासावरची नजर मात्र टिकली, आणि माझ्या मते या विद्यालयाची खरी कमाई तीच. इथेच शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी हैदराबादच्या रुग्णालयांत क्लोरोफॉर्म देत. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं.

हैदराबादेत प्रयोग चालले त्याच दशकात लंडनमध्ये व्हिक्टर हॉर्सले मेंदूवर शस्त्रक्रिया करू लागले होते. ईथरने रक्तस्राव वाढतो म्हणून ते क्लोरोफॉर्म पसंत करत. श्वासाची खरी किंमत कळते ती या शस्त्रक्रियेत. श्वास मंदावला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. या वायूचा दाब पाऱ्याच्या एका मिलिमीटरने वाढला, तरी मेंदूकडचा रक्तप्रवाह साधारण 2 ते 4 टक्क्यांनी वाढतो. मेंदू फुगून उघड्या कवटीतून वर येऊ लागतो. मग सर्जन कितीही निष्णात असो, त्याला काम करायला जागाच उरत नाही. म्हणून भूलतज्ज्ञ आज बाहेर पडणाऱ्या प्रत्येक श्वासातला हा वायू मोजत बसलेला असतो.

हैदराबादचं विद्यालय पुढे उस्मानिया मेडिकल कॉलेज झालं. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि त्याच वर्षी औरंगाबादला, म्हणजे आजच्या संभाजीनगरला, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघालं, तीच सगळ्यांची 'घाटी'. 1974 मध्ये अंबाजोगाई. 1981 मध्ये जालना स्वतंत्र जिल्हा झाला. बदनापूर तालुक्यात वरुडीला खासगी महाविद्यालय आधीपासून आहे. सरकारी यायला मात्र जिल्हा झाल्यापासून चार दशकं गेली.

या जिल्ह्यात पोलादाचे कारखाने आहेत, समृद्धी महामार्ग आहे, म्हणजे अपघातही आलेच. डोक्याला मार लागलेला माणूस साठेक किलोमीटरवरच्या संभाजीनगरला पोचेपर्यंत त्याची श्वासनलिका मोकळी राहिली नाही, तर पुढच्या शस्त्रक्रियेचा उपयोग फार थोडा. ते काम भूलतज्ज्ञाचं, आणि ते जालन्यातच व्हायला हवं. नव्या महाविद्यालयात कुठला विभाग आधी भक्कम करायचा, असं कुणी विचारलं तर मी बधिरीकरणशास्त्राचं नाव घेईन: पूर्ण वेळचे अध्यापक, चोवीस तास चालणारी कृत्रिम श्वासाची यंत्रं, आणि पहिल्या वर्षापासून मुलांना श्वास पाहायला शिकवणारं कुणीतरी.