नोंदीतील भुते आणि शिवेवरची दैवते

मुंजा, हडळ, अळवंतीण, समंध, खवीस, वेताळ, म्हसोबा, साती आसरा ही नावे मराठी वाचकाला अपरिचित नाहीत. परंतु ती आपल्याला एका यादीच्या रूपाने परिचित आहेत, आणि ही यादी केव्हा, कोणी व कोणत्या प्रदेशातून तयार केली हा प्रश्न मराठी समीक्षेने फारसा विचारलेला नाही. लोकश्रद्धेतील अमानवी सत्त्वांचा अभ्यास एकतर दैवतशास्त्राकडे सोपवला गेला, नाहीतर अंधश्रद्धेच्या चर्चेकडे. ही सत्त्वे प्रथमतः कथनाची रूपे आहेत आणि त्यांच्या नोंदींनाही एक इतिहास आहे, ही बाजू दुर्लक्षित राहिली. प्रस्तुत निबंधात त्या इतिहासाकडे मराठवाड्याच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

परभणी जिल्ह्यातील देवगाव फाटा हे या पाहणीसाठी सोयीचे ठिकाण आहे. जिंतूर, सेलू आणि मंठा यांच्याकडे जाणारे रस्ते येथे एकमेकांना मिळतात. यादवकालीन मंदिरांचे चारठाणे याच परिसरात आहे. दक्षिणेला दुधना आणि उत्तरेला पूर्णा या गोदावरीच्या खोऱ्यातील नद्या आहेत. गावाची शीव, नदीचा डोह, एकटा पिंपळ आणि रस्त्यांची तिवाट या चार जागांवर मराठी लोकमानसाने आपली बहुतेक सत्त्वे वसवली. देवगाव फाट्याच्या पंचक्रोशीत या चारही प्रकारच्या जागा आढळतात. असे असूनही, अमानवी सत्त्वांविषयीच्या ज्या ग्रंथांचे दाखले आपण देतो, त्यांपैकी बहुतेकांत हा प्रदेश नाही.

त्याचे कारण राजकीय आहे. मोल्सवर्थचा कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) मुंबई इलाख्यात सिद्ध झाला. पुढे नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांनी इलाख्यातील शाळामास्तरांकडून प्रश्नावलीद्वारे लोकसमजुती गोळा केल्या. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकला जॅक्सन यांचा वध झाला आणि हे साहित्य आर. ई. एन्थोव्हेन यांच्याकडे आले. त्यातून १९१४ मध्ये गुजरातचा व १९१५ मध्ये कोकणचा खंड निघाला. १९२४ मध्ये मुंबई इलाख्याच्या लोकसमजुतींवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. निसर्गशक्ती, वीरदैवते, रोगदेवता, दुष्ट मृतात्मे, दृष्ट व चेटूक ही त्यातील मांडणी विल्यम क्रुक यांनी उत्तर हिंदुस्थानाविषयी लिहिलेल्या ग्रंथातील वर्गवारीशी जुळणारी आहे. म्हणजे उत्तरे मराठी शिक्षकांची असली तरी ती ज्या कप्प्यांत बसवायची ते कप्पे अगोदर ठरलेले होते.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे जॅक्सन यांची प्रश्नावली परभणीच्या शाळेत पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता. हैदराबाद संस्थानात सय्यद सिराज-उल-हसन यांचा जाती-जमातींविषयीचा ग्रंथ १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची रचना जातवार असल्यामुळे तेथे दैवते आणि भुते त्या त्या जातीच्या धर्माचरणाच्या परिच्छेदात येतात. एका राज्यात सत्त्वांचे प्रकार पाडले गेले, तर दुसऱ्यात सत्त्वे मानणाऱ्यांचे. दोन्हीकडे जागा आणि सांगणारा माणूस या दोन गोष्टी गळून पडल्या. पुढे ‘मराठी भुते’ म्हणून जो संच रूढ झाला त्यावर साहजिकच इलाख्याची, विशेषतः गिऱ्हा आणि देवचार यांसारख्या सत्त्वांनी गजबजलेल्या कोकणाची, छाप पडली.

या रिक्ततेचा विरोधाभास असा, की मराठी गद्यात देवतांविषयीचा सर्वांत जुना सुसंगत विचार गोदावरीच्याच परिसराशी निगडित आहे. इ. स. १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या लीळाचरित्रात श्रीचक्रधर गावोगावच्या देवळांतून वास्तव्य करताना दिसतात. महानुभाव तत्त्वज्ञान जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार नित्य पदार्थ मानते. त्यातील देवताचक्र तळाच्या कर्मभूमीच्या देवतांपासून मायेपर्यंत चढत जाते आणि देवतांची संख्या एक्याऐंशी कोटी सव्वा लाख दहा अशी दिली जाते. येथे देवतांचे अस्तित्व नाकारलेले नाही. त्यांची फळे मर्यादित आहेत आणि मोक्ष देण्याचे सामर्थ्य त्यांच्यात नाही, एवढेच सांगितले आहे. अस्तित्व मान्य करून अंकितता नाकारण्याची ही भूमिका एकोणिसाव्या शतकातील सुधारकी नकाराहून अगदी वेगळी आहे. आपल्या वैचारिक इतिहासात या भेदाला मिळावे तेवढे महत्त्व मिळालेले नाही.

नोंदीचा दुसरा परिणाम व्युत्पत्तीच्या द्वारे घडला. ‘आसरा’ हे ‘अप्सरस्’चे, ‘म्हसोबा’ हे ‘महिष’चे रूप असे सांगितले जाते. भाषिकदृष्ट्या हे संबंध ग्राह्य आहेत. प्रश्न आहे तो त्यांतून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाचा. अप्सरा मूळ आणि आसरा तिचा अपभ्रंश, असे म्हणताच डोहाकाठच्या सात शेंदरी दगडांचे मूल्य इंद्रसभेच्या तुलनेत ठरू लागते. वस्तुतः अप्सरा भुरळ घालते ती तपस्व्याला. आसरांचा संबंध मात्र पाण्यावर जाणाऱ्या बाईशी, पोहणाऱ्या पोराशी आणि लेकुरवाळेपणाशी असतो. शब्द एक असला तरी कथनाचे व्याकरण वेगळे आहे. म्हसोबाच्या बाबतीत दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी हे स्पष्ट केले: पुराणात देवी ज्याला मारते तोच म्हसोबा काही ठिकाणी देवीचा नवरा म्हणून नांदतो. ही पुराणकथेची विकृती मानता येत नाही. ती निराळ्या समाजाची निराळी कथा आहे.

याच प्रश्नाचे एक दूरचे पण उद्बोधक उदाहरण उत्तर अमेरिकेच्या ईशान्येकडील अबेनाकी लोकांचे आहे. त्यांच्या परंपरेत ओझिहोझो नावाचे सत्त्व स्वतःला घडवते, नंतर डोंगर-दऱ्या व शँप्लेन सरोवर घडवते आणि अखेर त्याच सरोवरातील खडक होऊन बसते. १८८४ साली चार्ल्स लीलँड यांनी अबेनाकींसह त्या भागातील आल्गाँकिन लोकांच्या कथा प्रसिद्ध केल्या आणि ग्लुस्कॅप या वीराच्या कथांचे साम्य नॉर्स एड्डांत शोधले. त्याच वर्षी अबेनाकी मुखिया जोसेफ लोरां यांनी आपल्या भाषेचे पुस्तक काढले आणि त्यात स्थलनामांचे अर्थ दिले. बाहेरचा अभ्यासक दुसऱ्या खंडातले मूळ शोधत होता, आतला माणूस जागेच्या नावापासून आरंभ करत होता. मराठीत आपण बहुधा पहिली वाट धरली.

दुसऱ्या वाटेने गेल्यास काय दिसते? मुंजा म्हणजे मुंज झाल्यावर सोडमुंजीपूर्वी मेलेला मुलगा. हडळ किंवा अळवंतीण म्हणजे गरोदरपणी वा बाळंतपणात गेलेली बाई. समंध म्हणजे धनात जीव गुंतलेला, निर्वंश गेलेला ब्राह्मण. ही सर्व नावे अपुऱ्या राहिलेल्या आयुष्याचा नेमका टप्पा सांगतात. प्रत्येक नावात एक चरित्र दडलेले आहे आणि ते एखाद्या संस्कारापाशी, प्रसूतीपाशी किंवा वारसापाशी तुटलेले आहे. ‘त्या पिंपळावर मुंजा आहे’ हे विधान वर्तमानकाळात केले जाते, पण त्याचा आशय भूतकाळाचा असतो: या गावात एक मुलगा अकाली गेला. जिच्या मृत्यूची कोणत्याही दप्तरात नोंद झाली नाही, अशा बाळंतिणीची आठवण शिवेवरच्या हडळीच्या रूपाने टिकली. मात्र या आठवणीत ती भीतीचा विषय झाली, दुःखाचा झाली नाही, हेही नमूद केले पाहिजे.

म्हणून या सत्त्वांचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. त्यांच्या व्यवस्थेत जात मरणानंतरही सुटत नाही. मुंजा व समंध ब्राह्मण असतात. खवीस बहुधा परधर्मीय मृताचा असतो आणि त्याचे नावही अरबीतून येते. जिवंत स्त्रीला चेटकीण ठरवून छळणारी परंपरा याच कल्पनाविश्वाच्या आधाराने चालली. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाल्यावर २०१३ मध्ये आलेला जादूटोणाविरोधी कायदा अशा अमानुष आचारांविरुद्ध आहे आणि तो आवश्यकच होता. परंतु शोषणाला विरोध करताना कथनही पुसून टाकावे लागते, असा समज रूढ होणे घातक आहे. महानुभावांची भूमिका येथे पुन्हा उपयोगी पडते: अंकितता नाकारावी, अस्तित्वाची दखल घ्यावी. साहित्याच्या अभ्यासकापुरते हे अस्तित्व भाषेतले असते.

स्वातंत्र्योत्तर काळात दुर्गा भागवत यांच्या ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ने (१९५६) या क्षेत्राला शास्त्रीय पाया दिला. कोसंबींनी १९६२ च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’मध्ये चारुदत्त मातृकांसाठी चौकात बळी ठेवायला सांगतो या संदर्भापासून आरंभ करून, मातृदैवतांची ठाणी जुन्या वाटांच्या संगमावर असल्याचे दाखवले. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’त (१९७८) आणि गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांच्या अभ्यासात (१९७६) जागा व समाज यांना केंद्रस्थानी आणले. मात्र कोसंबींची पायपीट प्रामुख्याने पुणे-जुन्नर परिसरातली होती. वाटांच्या संगमाचा त्यांचा सिद्धांत मराठवाड्याच्या पठारावरील देवगावसारख्या फाट्यांवर तपासून पाहणे हे काम आपल्यापुढे आहे.

हे काम तातडीचे आहे. रस्ते रुंद होताना शिवेवरचा पिंपळ जातो, आणि पूर्णेवरील येलदरी किंवा दुधनेवरील निम्न दुधना यांसारख्या धरणांच्या पाण्याखाली नदीचे जुने पात्र जाते. जागा गेली की तिच्यावर उभे असलेले कथनही काही काळाने जाते. मागे उरते ते कोशातील एक नाव आणि त्याची दोन ओळींची व्याख्या. मराठी विभागांनी आता व्याख्या जमवण्याऐवजी जागा, सांगणारा आणि सांगण्याची रीत यांच्यासह ही कथने नोंदवली पाहिजेत. असे झाले तरच प्रश्नावलीच्या नकाशाबाहेर राहिलेला हा प्रदेश आपल्या मृतांविषयी स्वतःच्या शब्दांत बोलू लागेल.