थिनरचा वास आणि कायद्याची नजर

नवेगाव बांधसारख्या गावात रंगकामाचं दुकान पत्ता विचारत शोधावं लागत नाही. वासावरूनच कळतं. ट्रॅक्टरची ट्रॉली, लोखंडी कपाट, सागवानी दिवाण, अपघातात चेपलेला गाडीचा दरवाजा, सगळं तिथे रंगून निघतं. तुम्ही दोन मिनिटं थांबलात तर डोळे चुरचुरतात आणि तुम्ही पुढे जाता. आत काम करणारा मात्र आठ-दहा तास तीच हवा घेत असतो. 'डॉक्टर, यावर काही कायदा नाही का?' असा प्रश्न बरेच जण विचारतात. कायदे आहेत, पण ते या दुकानापर्यंत नीट का पोचत नाहीत हे कळायला थोडा इतिहास पाहावा लागेल.

लाखेकडून 'डुको'कडे

पूर्वी लाकडाला लाखेचं पॉलिश होई. लाख आपल्याच भागातली, पळसावर आणि कुसुमावर येणारी. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवायचा आणि कापडाच्या बोळ्याने हळूहळू घासून चढवायचा. वाफ तेव्हाही होती, पण काम संथ असल्यामुळे ती थोडी थोडी सुटे.

१९२३ च्या सुमारास अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीने मोटारींसाठी 'डुको' नावाचा रंग बाजारात आणला. त्याआधी मोटारीचा रंग पूर्ण व्हायला आठवडे लागत, आता ते काम तासांवर आलं. आपला फर्निचरवाला आजही 'डुको करून देतो' म्हणतो, ते हेच नाव. पण रंग पटकन वाळतो म्हणजे नेमकं काय होतं? त्यातलं थिनर पटकन उडून जातं. डब्यात ओतलेलं जवळजवळ सगळं थिनर शेवटी हवेत येतं.

रंगाच्या गनचा इतिहास तर एका डॉक्टरच्या घरातला आहे. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात डॉ. अ‍ॅलन डीव्हिल्बिस घशाचे उपचार करत. औषधाचा बारीक फवारा घशात मारता यावा म्हणून त्यांनी १८८० च्या दशकात एक साधन बनवलं. त्यांचा मुलगा टॉमस याने तेच तत्त्व वापरून १९०७ मध्ये रंगाची गन तयार केली. औषध आत पोचावं म्हणून शोधलेली युक्ती आता रंगाचे बारीक थेंबही तितक्याच सहज आत पोचवते.

शरीरात काय होतं?

थिनरमध्ये सहसा टोल्यूइन, झायलीन, अ‍ॅसिटोन अशी द्रावकं असतात. ती चरबीत विरघळतात आणि मेंदूत चरबी भरपूर असते. त्यामुळे श्वासातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत ती काही मिनिटांत पोचतात. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, दारू प्यायल्यासारखी झिंग ही लगेच दिसणारी लक्षणं. वर्षानुवर्षं हेच चालू राहिलं तर विसराळूपणा, चिडचिड, कामात लक्ष न लागणं सुरू होऊ शकतं. १९७० च्या दशकात स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये रंगाऱ्यांच्या या तक्रारींचा अभ्यास झाला, तेव्हा हा 'स्वभाव' नसून आजार असू शकतो हे पुढे आलं.

दोन डबे मिसळून मारायच्या पीयू रंगाचा धोका वेगळा आहे. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. भोपाळला १९८४ मध्ये गळलेला मिथाइल आयसोसायनेट याच कुळातला. हार्डनरमधलं रसायन त्याच्याइतकं उडणारं नसतं, पण गनच्या फवाऱ्यातून ते फुप्फुसात जातं आणि दमा सुरू करू शकतं. एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की मग अगदी थोडी मात्राही पुरते.

रंगाऱ्याच्या कामामुळे कर्करोग होऊ शकतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८९ मध्येच दिला आहे.

कायदा माणसं मोजत राहिला

भारतातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा. तो १०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांनाच लागू होता. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची बाजू मांडली ती याच काळात. १८९१ मध्ये ही मर्यादा ५० वर आली, १९२२ मध्ये २० वर, आणि १९४८ च्या कायद्यात यंत्रशक्ती वापरणाऱ्या जागेसाठी १० वर. म्हणजे सत्तर वर्षांत कायदा पायरी पायरीने लहान जागेकडे उतरत होता. २०२० च्या नव्या श्रम संहितेत 'कारखाना' ठरण्यासाठी ही संख्या पुन्हा २० झाली. आपल्या रंगाच्या दुकानात मालक धरून दोघं-तिघं असतात.

याचा परिणाम दवाखान्यातही होतो. १९४८ च्या कायद्यात कळवण्यायोग्य व्यवसायजन्य आजारांची यादी होती. शिसं आणि बेंझीन व त्याच्या भावंडांची विषबाधा त्यात होती. असा रुग्ण दिसला तर डॉक्टरने कारखाना निरीक्षकांना लेखी कळवायचं होतं. पण रुग्ण 'कारखान्यात' काम करणारा हवा. दोन माणसांच्या दुकानातला रंगारी तितकाच आजारी असला तरी सरकारी वहीत त्याची नोंद होत नव्हती. ज्याची नोंदच नाही, त्याच्यासाठी नियम करायची घाई कोणाला वाटणार?

हवेच्या कायद्याची नजर वेगळीकडे होती. मुंबईत १९१२ मध्ये धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला, तो भट्ट्यांच्या डोळ्यांना दिसणाऱ्या धुरासाठी. १९८१ चा वायू प्रदूषण कायदा त्याहून व्यापक आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१६ च्या वर्गवारीत स्प्रे पेंटिंग आणि गाड्यांचं रंगकाम 'नारिंगी' गटात होतं, म्हणजे त्याला प्रदूषण मंडळाची संमती लागे. पण धुराडं असलेला कारखाना दुरून दिसतो. थिनरच्या वाफेला ना रंग, ना धुराडं. गावोगावच्या अशा प्रत्येक दुकानात निरीक्षक पोचेल, ही अपेक्षा कागदावरच राहते.

मग उपाय कुठे सापडला?

इस्तंबूलमध्ये चपला-बूट बनवणाऱ्या लहान, कोंदट दुकानांत बेंझीन असलेला गोंद वापरत. डॉ. मुझफ्फर अक्सॉय यांना त्या कारागिरांमध्ये रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण दिसू लागले. १९७४ मध्ये त्यांनी २६ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. दरम्यान गोंदातलं बेंझीन बदललं गेलं आणि पुढच्या वर्षांत नवे रुग्ण कमी होत गेले. इटलीने १९६३ मध्येच अशा गोंदातल्या बेंझीनवर कायद्याने बंधन घातलं होतं. नेदरलँड्सने २००० पासून घराच्या आतल्या व्यावसायिक रंगकामासाठी कमी द्रावकाचे रंग सक्तीचे केले. युरोपीय संघाने २००४ मध्ये घराचे रंग आणि गाड्यांचे रंग, दोन्हींमधल्या द्रावकावर मर्यादा घातली.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. हजारो दुकानांवर पहारा ठेवण्याऐवजी मोजक्या कारखान्यांत भरला जाणारा डबा बदलला. हे आपल्यालाही जमतं. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. तो त्या दोन माणसांच्या दुकानापर्यंतही डब्यातून आपोआप पोचतो. थिनरच्या वाफेला मात्र तो नियम हात लावत नाही. तेच पुढचं पाऊल असायला हवं, असं माझं मत आहे.

तोपर्यंत तुम्ही काय कराल?

- रुमाल किंवा साधा मास्क वाफ अडवत नाही. थिनरसाठी कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क लागतो, आणि वास येऊ लागला की कार्ट्रिज बदलावी. पीयू फवारताना बाहेरून स्वच्छ हवा देणारा मास्कच योग्य.
- थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते. पंखा माणसाच्या पाठीमागून हवा देऊन ती बाहेर ढकलेल असा लावा. दुकानात विडी-सिगारेट नकोच.
- हात थिनरने धुऊ नका. ते कातडीतूनही आत जातं. खाद्यतेल चोळून मग साबण लावा.
- लहान मुलं आणि गरोदर बाईने तिथे थांबू नये.
- घर रंगवताना पाण्यात मिसळणारा रंग मागा.
- सुटीच्या दिवशी बरं वाटतं आणि कामावर गेलं की डोकं दुखतं, किंवा रात्री खोकला येतो, तर ते डॉक्टरांना सांगा.

इटलीचे डॉ. बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं. त्यात रंगाऱ्यांच्या आजारांवरही एक प्रकरण आहे. रुग्णाला नेहमीच्या प्रश्नांसोबत 'तू काम काय करतोस?' हेही विचारा, असं त्यांनी डॉक्टरांना बजावलं होतं. गर्दीच्या ओपीडीत हा प्रश्न बहुतेक वेळा राहून जातो. तुमच्या डॉक्टरांनी विचारलं नाही, तर तुम्हीच सांगा, आणि जमलं तर थिनर-हार्डनरच्या डब्यांवरच्या लेबलचा फोटो दाखवा. डोकेदुखीच्या गोळ्या वाढवण्याआधी तो फोटो पाहणं जास्त उपयोगाचं ठरतं.