ओवीखाली बाईचं नाव

मैत्रिणींनो, ज्ञानोबा माउलींची पालखी आपल्या वेळापुरात मुक्कामाला येते, तेव्हा गावभर भजनं रंगतात. गाणाऱ्या बायांचा कुठल्या कॅसेट कंपनीशी करार नसतो. पालखी पुढे निघाली की आवाजही गेले.

जात्यावरच्या ओव्यांचं याहून वाईट झालं. पिठाची गिरणी आली, जातं थांबलं. तेव्हा हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखावर ओव्या गोळा करवल्या. २०१७ पासून त्या ‘पारी’ या संकेतस्थळावर येतात, गाणारीच्या नावागावासकट. मला तर ओवीइतकंच ते नाव मोलाचं वाटतं. नुसतं ‘पारंपरिक’ लिहिलं, की बाई पुसली जाते.

रेडिओचं दार आपल्याला उशिराच उघडलं. २००६ साली सरकारनं स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओची परवानगी दिली. २००८ मध्ये शेजारच्या माण तालुक्यात, म्हसवडला, ‘माणदेशी तरंग’ सुरू झालं. अशा छोट्या केंद्राचा आवाज दहा-पंधरा किलोमीटरवर विरतो, वेळापूरपर्यंत येत नाही. इंटरनेटला ही शीव नाही.

तेव्हा मंडळाचं भजन मोबाइलवर घ्याल, तर आधी गाणारीचं आणि पेटी, टाळ वाजवणाऱ्यांचं नाव बोलून घ्या. ‘अमक्याची सून’ नको, तिचं स्वतःचं.