नावे पुसलेली संहिता

मराठी समीक्षेला ‘दुर्बोधता’ नवी नाही. मर्ढेकरांपासून ग्रेसांपर्यंत तिच्यावर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. परंतु हेतुपुरस्सर, व्यवसायाच्या गरजेतून घडवलेली दुर्बोधता पाहायची तर जावास्क्रिप्टच्या इतिहासाकडे वळावे लागते.

१९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी या भाषेचा पहिला नमुना अवघ्या दहा दिवसांत सिद्ध केला. या भाषेत लिहिलेली मूळ संहिताच वाचकाच्या ब्राउझरकडे जाते. ज्याच्यापासून लपवायचे, त्याच्याच हाती ती सोपवावी लागते! म्हणून दुर्बोधीकरण आले. लेखकाच्या टिपा गाळायच्या, ‘एकूण रक्कम’ अशा सार्थ नावाच्या जागी नुसते एखादे अक्षर ठेवायचे, सरळ क्रम मोडून वाट वाकडी करायची. यंत्राचे काही अडत नाही. अडतो तो माणूस.

१९९७ मध्ये ऑकलंड विद्यापीठातील कोलबर्ग, थॉम्बोर्सन आणि लो यांनी अशा रूपांतरांचे वर्गीकरण केले. मानवी वाचक किती गोंधळतो आणि उलगडा करणारे यंत्र किती अडखळते, हे त्यांनी दोन वेगळे निकष मानले. हा भेद मला फार मोलाचा वाटतो. पुढे २००१ मध्ये बोअझ बराक व सहकाऱ्यांनी सिद्ध केले, की कोणत्याही प्रोग्रॅमचे गुपित संपूर्णपणे राखील असे सर्वसाधारण तंत्र संभवतच नाही.

येथे महानुभावांची सकळ लिपी आठवणे अपरिहार्य आहे. तिच्यामुळे ‘लीळाचरित्रा’सारखा ग्रंथ शतकानुशतके पंथाबाहेरच्या वाचकांना अपरिचित राहिला, विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी तिची उकल केली. तेथे एका अक्षरासाठी दुसरे अक्षर योजलेले होते. त्यामुळे किल्ली सापडताच लिपीत दडलेले शब्द जसेच्या तसे परत मिळाले.

जावास्क्रिप्टमध्ये तसे होत नाही. तेथे नावे झाकलेली नसतात, पुसलेली असतात. मूळ प्रत हरवली, तर लेखकालाही स्वतःचा अर्थ नव्याने लावावा लागतो. २०१४ साली झुरिकच्या ईटीएच संस्थेतील संशोधकांनी ‘जेएसनाइस’ हे साधन सिद्ध केले. इतरांच्या विपुल उघड्या संहितांवरून ते पुसलेल्या नावांचा अंदाज बांधते आणि त्यांच्या चाचणीत त्यातील सुमारे ६३ टक्के नावे बरोबर निघाली. उरलेल्या ठिकाणी मिळाले ते चारचौघांनी अशा जागी वापरलेले नाव, लेखकाचे नव्हे.