नाका

परवा जोडून सुट्टी आली म्हणून गावी गेलो होतो. गावी म्हणजे कोल्हापूरला, राजारामपुरीत. (कोल्हापूरला 'गाव' म्हटलं की आमचे बाबा अजून चिडतात.) बरोबर ऑफिसातला एक मित्र होता, पक्का पुणेकर. संध्याकाळी त्याला गाडीवर बसवून मामाकडे पाचगावला निघालो. वाटेत एकदोघांना रस्ता विचारला, तर प्रत्येकाच्या बोलण्यात कुठला ना कुठला नाका. मित्र म्हणाला, "अरे, नाका नाका म्हणतात, पण इथं नाका कुठंय?"

खरंच नव्हता. मी म्हटलं, "पूर्वी जकात होती." तो "अच्छा" म्हणाला आणि विषय संपला. पण माझ्या डोक्यातून जाईना. हे उत्तर अर्धंच होतं. उरलेलं अर्धं गाडीवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून ह्या शनिवारी इथं लिहितोय.

कोल्हापूरला आपल्या जुन्या हद्दी जपून ठेवायची सवय आहे, निदान नावात तरी. गंगावेस, रंकाळा वेस, वरुणतीर्थ वेस. वेशीचे दरवाजे कधीच गेले, नावं राहिली. तटाचा एक तुकडा बिंदू चौकात अजून उभा आहे. त्या तटाबाहेर शहर वाढलं ते संस्थानाच्या हुकमानं. १८९१ साली रेल्वे आली, १८९५ साली शाहू महाराजांनी शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली. आमची राजारामपुरी त्यांच्या मुलाच्या नावाची. राजाराम महाराजांची कारकीर्द १९२२ ते १९४०. मधून सरळ मोठा रस्ता आणि त्याला काटकोनात नंबर टाकलेल्या गल्ल्या. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी गल्ली. लहानपणी मला वाटायचं सगळ्या जगात गल्ल्यांना नंबरच असतात. पुण्यात आल्यावर पत्ता शोधताना डोळे उघडले :)

आता ह्यावरून 'राजेशाहीच बरी होती' असं म्हणणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. तेव्हा विचारायला ग्रामपंचायत नव्हती, आरक्षणाविरुद्ध हरकत घेणारा शेतकरी नव्हता, निवडणूक नव्हती. नकाशावर रेघ ओढली की झालं पेठ. आजची अडचण अशी की रेघ ओढायच्या आधी विचारावं लागतं. ते चांगलंच आहे. पण विचारल्यावर काय होतं, ती खरी गोष्ट.

कोल्हापूरची नगरपालिका १८५४ ची. संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं. १५ डिसेंबर १९७२ ला नगरपालिकेची महानगरपालिका झाली. बोर्ड बदलला, हद्द तीच राहिली: ६६.८२ चौरस किलोमीटर. आणि आज, पन्नास वर्षं उलटून गेल्यावरही, ६६.८२ च. २०११ च्या जनगणनेत ह्या हद्दीत ५,४९,२३६ माणसं मोजली गेली, म्हणजे चौरस किलोमीटरला साधारण ८,२००. सोलापूरची हद्दवाढ १९९२ साली झाली आणि ते १७८ चौरस किलोमीटरवर गेलं. पुण्यानं २०१७ मध्ये ११ गावं घेतली, २०२१ मध्ये आणखी २३. आम्ही आपले तिथंच.

तिथंच म्हणजे कागदावर. प्रत्यक्षात शहर कधीच पलीकडे गेलंय. पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव, सरनोबतवाडी ही नावं ऐकून ज्याला शेतं आणि बैलगाड्या दिसतात त्यानं एकदा येऊन बघावं. अपार्टमेंट, मंगल कार्यालयं, शोरूम. कापडाची मोठी बाजारपेठ गांधीनगर, ती हद्दीबाहेर. शिरोली आणि गोकुळ शिरगाव ह्या दोन्ही औद्योगिक वसाहती हद्दीबाहेर. केएमटीची बस मात्र गावांत जाते आणि तिचा तोटा महापालिका सोसते. जयंती नाल्याला तर हद्द बिद्द काही माहीत नाही. तो कळंबा-कात्यायनीच्या बाजूनं येतो, शहरातून फिरतो आणि सगळ्यांचं सगळं घेऊन पंचगंगेला मिळतो.

आता नाक्याकडे येतो. जकात ही महापालिकेची दुभती म्हैस होती. शहरात येणाऱ्या मालावर हद्दीवरच पैसे घ्यायचे. रात्री-बेरात्री ट्रक थांबायचे, पावत्या फाटायच्या, चिरीमिरी चालायची, सगळं मान्य. पण पैसा रोज यायचा आणि तो महापालिकेचा स्वतःचा असायचा, मुंबईला विचारावं लागत नव्हतं. २०११ साली कोल्हापुरात जकात गेली आणि एलबीटी आला. नाक्यावर ट्रक अडवण्याऐवजी व्यापाऱ्यानं वह्या बघून कर भरायचा. व्यापाऱ्यांना तोही नको होता. १ ऑगस्ट २०१५ पासून वर्षाला ५० कोटींच्या आतली उलाढाल असणाऱ्यांना तो माफ झाला, म्हणजे जवळपास सगळ्यांनाच. मग १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि उरलासुरला एलबीटीही गेला. त्याबदल्यात राज्य सरकार महापालिकांना दरमहा भरपाई देतं, वर्षाला ८ टक्के वाढ धरून.

भरपाई वाईट नाही, वेळेवर आली तर. पण मिळवत्या माणसाला पेन्शनवर बसवावं तसं झालं. शहरात धंदा वाढो की बुडो, मनीऑर्डर तेवढीच. स्वतःचं म्हणावं असं मोठं उत्पन्न उरलं ते घरफाळा, पाणीपट्टी आणि बांधकाम परवानगीचं. आणि हे तिन्ही जमिनीवर अवलंबून. जमीन किती? ६६.८२.

आता टोल. कोल्हापुरात हा शब्द काढला की चहा मागवावा लागतो, कारण तासभर तरी कोणी उठत नाही.

२००८ साली महापालिका, राज्य रस्ते विकास महामंडळ आणि आयआरबी कंपनी यांच्यात करार झाला. शहरातले सुमारे ५० किलोमीटर रस्ते, खर्च २२० कोटी. महापालिकेकडे एवढे पैसे नव्हते. म्हणून 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा': कंपनीनं रस्ते करायचे आणि ३० वर्षं टोल घ्यायचा. वर टेंबलाईवाडीची जागाही दिलेली. टोल कुठं घ्यायचा? शहरात येणाऱ्या रस्त्यांवर, हद्दीपाशी, नऊ ठिकाणी. शिरोली, शिये, फुलेवाडी, कळंबा, सरनोबतवाडी... म्हणजे जकात उठली त्याच सुमाराला तिच्या शेजारी दुसरी खोली उभी राहत होती. आधी मालावर पैसे घेत होते, आता माणसाच्या गाडीवर घेणार, आणि तेही महापालिका नव्हे तर कंपनी.

शहर पेटलं. दुसरा शब्दच नाही. सर्वपक्षीय टोलविरोधी कृती समितीत कोण नव्हतं? पुढे एन. डी. पाटील सर आणि गोविंद पानसरे. जानेवारी २०१२ च्या महामोर्चासाठी मी पुण्याहून रजा टाकून आलो होतो. नोकरी नवीन होती, साहेबाला पोट दुखतंय म्हणून सांगितलं. एन. डी. सर तेव्हा ८२ वर्षांचे. आमचे बाबा उभ्या आयुष्यात कुठल्या मोर्चात गेले नव्हते, तेही होते. आणि पाचगावचा मामाही होता.

हे मामाचं मुद्दाम सांगतोय. टोल शहराच्या हद्दीवर होता, त्यामुळे त्याचा फटका सगळ्यात जास्त पलीकडच्या माणसाला. दूध घालायला येणारा, भाजी आणणारी, पोराला शाळेत सोडणारा. मामाचं दुकान राजारामपुरीत आणि घर पाचगावात. रोज जाऊन येऊन नाका. त्यामुळे ह्या लढ्यात गावं आणि शहर एका बाजूला होती. माझ्या आठवणीत ती एवढी एकत्र आलेली ही एकच वेळ.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. २०१३ च्या ऑक्टोबरात पोलीस बंदोबस्तात वसुली सुरू झाली. जानेवारी २०१४ मध्ये टोल जाणार असं मंत्र्यांनी सांगितलं, उपोषण सुटलं, आणि दुसऱ्या दिवशी नाक्यावर वसुली चालूच. मग नाके पेटले. फेब्रुवारीत उच्च न्यायालयाची स्थगिती, मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं ती उठवली, जूनमध्ये पुन्हा वसुली. १६ फेब्रुवारी २०१५ ला पानसरे आणि उमाताईंवर गोळ्या झाडल्या गेल्या, २० तारखेला पानसरे गेले. टोल गेलेला बघायला ते राहिले नाहीत. ऑगस्ट २०१५ मध्ये वसुली थांबली. (नोव्हेंबरात महापालिकेची निवडणूक होती, हा योगायोग समजावा.) डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात टोल रद्द झाल्याची घोषणा झाली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये अधिसूचना निघाली. गुलाल, पेढे, साखर. कंपनीच्या भरपाईचा बोजा राज्यानं उचलायचं ठरलं. म्हणजे आमच्या रस्त्यांचे पैसे शेवटी गडचिरोलीच्या माणसानंही थोडे भरले असं म्हणायला हरकत नाही.

मला त्या लढ्याचा आजही अभिमान आहे. आपल्याच घरी यायला तीस वर्षं पैसे मोजायचे हे चूकच होतं. पण एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. टोल हे चुकीचं उत्तर होतं. प्रश्न मात्र खोटा नव्हता. जागा न वाढणाऱ्या, स्वतःची मिळकत गेलेल्या शहरानं रस्ते कशातून करायचे? आम्ही उत्तर खोडलं आणि प्रश्नपत्रिका खिशात घालून घरी आलो.

तो प्रश्न २०१६ सालीच परत दारात आला, हद्दवाढीच्या रूपानं. प्रस्ताव जुनेच, कधी १८ गावं, कधी २०, सोबत दोन्ही औद्योगिक वसाहती. शहरात हद्दवाढीसाठी आंदोलन, गावांत हद्दवाढीविरुद्ध बंद. चारच वर्षांपूर्वी एका मोर्चात चाललेली माणसं आता समोरासमोर. आमच्या घरात तर हे जेवणाच्या ताटावर व्हायचं. बाबा म्हणायचे, "दाजिबा, दुकान आमच्यात, पोरं आमच्या शाळेत, आणि घरफाळा तेवढा ग्रामपंचायतीत व्हय?" (दाजिबा हे मामाचं नाव नव्हे, बाबांनी त्याला चिडवायला ठेवलेलं.) मामा शांतपणे भाकरी मोडत म्हणायचा, "दाजी, तुमच्या गल्लीतला खड्डा आधी भरा, मग आमच्याकडं या."

मामाचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. घरफाळा वाढणार हे नक्की, गटार आणि पाणी कधी येणार ते नक्की नाही. शेतावर विकास आराखड्यात आरक्षण पडलं की ते विकताही येत नाही आणि पिकवायला मनही लागत नाही. सरपंचाला रस्त्यात गाठता येतं, आयुक्तांना भेटायला चिठ्ठी द्यावी लागते. शहरानं गावांना 'तुमची जमीन द्या' सोडून दुसरं काय दिलं, ह्याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं.

आणि निर्णय शेवटी ह्या दोघांच्या हातात नव्हताच. महानगरपालिका अधिनियमाप्रमाणे हद्द बदलायची अधिसूचना काढतं राज्य सरकार, महापालिकेशी विचारविनिमय करून. आता आमदारांच्या जागी बसून बघा. कोल्हापूर दक्षिण हा मतदारसंघच शहराचा काही भाग आणि करवीर तालुक्यातली गावं मिळून झालेला. हद्दवाढ हवी म्हटलं तर गावं जातात, नको म्हटलं तर शहर जातं. मग सगळ्यात सोयीचं काय? 'सर्वांना विश्वासात घेऊन निर्णय घेऊ.' हे वाक्य मी शाळेत असल्यापासून ऐकतोय, पक्ष बदलले तरी वाक्य तेच.

२०१७ मध्ये मधला मार्ग निघाला: कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण, ४२ गावांसाठी. आमच्या धंद्यात मूळ प्रोग्रॅमला हात लावायची भीती वाटली की बाहेरून एक ठिगळ लावतात, तसलं हे. महापालिका आहे तशी राहिली, ग्रामपंचायती आहेत तशा राहिल्या, मध्ये एक ऑफिस वाढलं. परवानगी त्यांनी द्यायची. कचरा, गटार, दिवे पुन्हा ग्रामपंचायतीनं बघायचे. ऑफिस उघडल्यानं पैसा थोडाच उगवतो?

नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासक होता. राज्यानं विचारविनिमय करायचा तरी कुणाशी, नगरसेवकच नव्हते! मधल्या काळात मागणी होत राहिली, विरोध होत राहिला. शेवटी १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं, ८१ जागांसाठी, त्याच जुन्या हद्दीत.

त्या दिवशी बाबा सकाळीच मत देऊन आले आणि शाई दाखवायला मामाच्या दुकानात गेले. मामा चौदा तास राजारामपुरीत असतो. दुकानासमोरची गटार तुंबली की फोन तोच करतो, कुठला दिवा कधी गेला ते त्याला पाठ. पण त्याला इथं मत नाही. आणि हद्दवाढ झाली तर मिळेल, तर ती त्याला नको. मी त्याला हे परवा बोलून दाखवलं. मित्र समोर बसून भडंग खात होता.

मामा म्हणाला, "मत नको मला. येता-जाता कोण अडवत न्हाई ना आता? बास."

मग मित्राकडे वळून त्याला चहा घेणार का विचारलं.