गोळी, गांठ आणि भय

शहापूर व मुरबाड हे ठाणें जिल्ह्यांतील डोंगराळ तालुके. शहापुरांतील तानसा आणि भातसा या तलावांचें पाणी मुंबईच्या नळांस जातें. येथील पाड्यावरील स्त्रीसाठीं ‘माला-एन’ ही संततिनियमनाची गोळी सरकारनें मोफत ठेविली आहे. २०१७ पासून तीन महिन्यांनीं घ्यावयाचें ‘अंतरा’ इंजेक्शनही राष्ट्रीय कार्यक्रमांत आलें. परंतु या औषधांनीं स्तनाचा कर्करोग होतो काय, ही शंका पाड्यावर आणि शहरांत सारखीच आहे.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें, आणि त्या प्रचारापायीं त्यांस प्राध्यापकी सोडावी लागली. त्या काळीं साधनें बाह्य होतीं. शरीरांतील अंतःस्रावांवर चालणारी गोळी अमेरिकेंत १९६० सालीं मान्य झाली. शंकेचें मूळ मात्र तिच्याहून जुनें आहे. अंडाशय काढल्यावर स्तनांतील कर्करोगाची गांठ ओसरूं शकते, हें ग्लासगोचे शल्यवैद्य बीटसन यांनीं १८९६ सालींच दाखविलें होतें. म्हणजे शंका निराधार नव्हती. तिचें मोजमाप तेवढें व्हावयाचें होतें.

तें १९९६ सालीं झालें. पंचवीस देशांतील ५४ अभ्यास एकत्र केल्यावर दिसलें कीं, गोळी घेत असतां धोका सुमारें चतुर्थांशानें वाढतो आणि ती सोडल्यावर दहा वर्षांत तो मावळतो. तरुण वयांत हा रोग मुळांतच विरळ असल्यानें चतुर्थांश वाढ म्हणजे थोड्याच अधिक स्त्रिया. शिवाय हीच गोळी अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या अंतःत्वचेच्या कर्करोगाचा धोका कमी करते. ऋतुनिवृत्तीनंतरच्या संयुक्त हार्मोन उपचाराची गोष्ट निराळी. अमेरिकेंतील १६,६०८ स्त्रियांवरील प्रयोग २००२ सालीं मध्येंच थांबवावा लागला. वर्षाला दर दहा हजारांमागें आठ स्त्रियांना अधिक रोग होत होता.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानें १९९८ पासून सुमारें दीड लक्ष स्त्रियांवर एक दीर्घ प्रयोग केला. शिकविलेल्या आरोग्यसेविकांनीं दर दोन वर्षांनीं नुसत्या हातांनीं केलेल्या तपासणीनें रोग लवकर ओळखूं आला. पन्नाशीपुढील स्त्रियांत त्यामुळें होणारे मृत्यु जवळजवळ तीस टक्क्यांनीं घटले. या तपासणीला यंत्र लागत नाहीं. ती डोंगरांतील उपकेंद्रांतही होऊं शकते.

पाड्यावरील स्त्रीस गोळीबरोबर ही सारी माहिती मिळावयास हवी. गोळी घ्यावी कीं नाहीं, हें तिनें ठरवावें. गांठ मात्र लाजेपोटीं लपवूं नये.