वामनराव लाखे : रायपूरच्या मातीतली मराठी पत

आजच्या भागात आपण रायपूरला जाऊ. छत्तीसगडच्या या राजधानीत लाखे नगर नावाची वस्ती आहे, वामनराव लाखे यांच्या नावाची शाळाही आहे. हे आडनाव ऐकलं की मराठी माणसाचे कान टवकारतात. कोण हे लाखे?

आधी मराठी माणूस तिकडे पोचला कसा, ते पाहू. 1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत छत्तीसगडात शिरले. 1758 पासून बिंबाजी भोसले यांनी रतनपूरला राहून कारभार पाहिला. 1787 मध्ये ते वारले आणि मग नागपूरहून सुभेदार येऊ लागले. महसूल गोळा करायचा आणि नागपूरला धाडायचा, हे त्यांचं मुख्य काम. म्हणजे तिथल्या शेतकऱ्याला मराठी माणूस ओळखीचा झाला तो वसुलीला आलेला म्हणून. 1854 मध्ये भोसल्यांचं राज्य खालसा झालं. राज्य गेलं, पण अनेक मराठी कुटुंबं तिथेच राहिली.

अशाच एका मराठी कुटुंबात 17 सप्टेंबर 1872 रोजी वामनरावांचा जन्म झाला. वडील बळीराम गोविंदराव मूळचे गरीब. कष्ट करून त्यांनी पुढे काही गावं विकत घेतली. गाव विकत घ्यायचं म्हणजे काय? मध्य प्रांतात मालगुजारीची पद्धत होती. मालगुजार गावकऱ्यांकडून सारा वसूल करी, सरकारचा हिस्सा भरी आणि उरलेलं स्वतःकडे ठेवी. तेव्हा लाख्यांची श्रीमंतीसुद्धा शेवटी शेतकऱ्याच्या धानातूनच आलेली होती, हे विसरून चालणार नाही. प्रश्न एवढाच, की मुलाने त्या श्रीमंतीचं केलं काय?

पहिलं काम कागदावरचं. जानेवारी 1900 मध्ये ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे मासिक निघालं. संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामनराव. तिघंही मराठी, आणि मासिक मात्र हिंदी! छत्तीसगडातलं हे पहिलं नियतकालिक. सप्रे तेव्हा पेंड्र्याच्या राजकुमाराला शिकवून पैसे उभे करत होते. पैशाअभावी तीन वर्षांत मासिक बंद पडलं. पण ज्या मुलखात आपण राहतो त्याच्या भाषेत बोलायचं, हे या मंडळींनी ठरवलं होतं. घरात मराठी, बाहेर हिंदी, आणि त्यात कमीपणा कसला?

दुसरं काम पैशाचं. वामनराव वकील झाले होते. सावकाराच्या व्याजात शेतकरी कसा अडकतो, हे वकिलाइतकं जवळून कोण पाहणार? सहकारी पतसंस्थांचा कायदा 1904 मध्ये आला. 1912 च्या कायद्याने मध्यवर्ती बँकांची वाट मोकळी केली, आणि 1913 मध्ये वामनरावांनी रायपूरला सहकारी मध्यवर्ती बँक उभी केली. यातली गंमत समजून घ्या. एकट्या शेतकऱ्याला बाजारात पत नसते. दहाजण एकमेकांना जामीन राहिले की ती तयार होते, आणि बँक गावातल्या सोसायट्यांमार्फत कर्ज देऊ शकते. सुभेदाराच्या काळात पैसा गावातून बाहेर जायचा. इथे तो गावात यायला लागला.

सरकारने 1916 मध्ये त्यांना ‘रायसाहेब’ केलं. 1920 मध्ये असहकाराची हाक आली, तेव्हा त्यांनी ती पदवी परत केली. लोकांनी मग त्यांना ‘लोकप्रिय’ म्हणायला सुरुवात केली. होमरूल, काँग्रेस, नगरपालिका, असं त्यांचं राजकारण वाढत गेलं. 1930 च्या कायदेभंगात रायपूरच्या पाच पुढाऱ्यांना लोक पांडव म्हणत. महंत लक्ष्मीनारायण दास भीम, ठाकूर प्यारेलाल सिंह अर्जुन, मौलाना रऊफ नकुल, शिवदास डागा सहदेव, आणि वामनराव युधिष्ठिर. या यादीत महंत आहेत, मौलाना आहेत, मारवाडी शेठजी आहेत. त्यात थोरलेपणाचा मान एका मराठी वकिलाकडे आला. त्या वर्षी ते तुरुंगात गेले. 1941 मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, वैयक्तिक सत्याग्रहात पुन्हा गेले.

आणि तरीही काम थांबलं नाही. 1945 मध्ये त्यांनी बलौदाबाजारला शेतकऱ्यांची सहकारी भात गिरणी काढली. धान विकलं तर दलाल आणि गिरणीवाला दोघंही आपापला वाटा काढतात. गिरणीच शेतकऱ्यांची असेल, तर तांदळाचा नफा त्यांच्याकडे राहतो. महाराष्ट्रात याच विचाराने प्रवरेचा साखर कारखाना उभा राहिला, पण तो या गिरणीनंतर.

21 ऑगस्ट 1948 रोजी वामनराव गेले. आज तुमच्यापैकी कुणी इंदूरला असेल, कुणी बडोद्याला, कुणी हैदराबादला. ‘बाहेरून आलेले’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल, किंवा आपल्या गावात दुसऱ्याला ऐकवलाही असेल. रायपूरने लाख्यांना तो शब्द लावला नाही, कारण त्यांनी मिळवलेलं तिथेच पेरलं. माणूस कुठून आला याची चौकशी पहिली काही वर्षं होते. पुढे लोक बघतात, तो इथे काय ठेवून गेला.